गांव एक केव्हां होतें?

गांव करी तें राव काय करी, ही म्हण आपल्यांतील लहान मुलालाही ठाऊक आहे. पुढारी सभेंत उभे राहिले म्हणजे ती हटकून म्हणतात आणि ऐकणारे माना डोलवितात. परंतु म्हणींत जें गांव सांगितलें आहे तें अस्तित्वांत केव्हां येतें, याचा विचार क्वचितच होतो. शंभर उंबरठे एका शिवेच्या आंत आले म्हणजे गांव होतें काय? एका दप्तरांत सर्वांचीं नांवें लिहिलीं गेलीं म्हणजे होतें काय? तसें असतें तर रावाला जें साधत नाहीं तें प्रत्येक गांवानें केव्हांच करून दाखविलें असतें. आपण तर नित्य पाहतों कीं, एकाच विहिरीचें पाणी पिणारीं माणसें त्या विहिरीचा गाळ काढण्यास एकत्र येत नाहींत. तेव्हां प्रश्न असा आहे : अनेकांचा हेतु एक कशानें होतो, आणि तो एक व्हावा म्हणून पुढाऱ्यानें काय करावें? मंडळीचे पंच व प्रचारक, शाळेचे शिक्षक, बचत गटाच्या अध्यक्षा, ग्रामपंचायतीचे सभासद, या सर्वांना हा प्रश्न सारखाच लागू आहे. म्हणून, वाचकहो, त्याचा थोडा शांतपणें विचार करूं.

प्रथम, एकत्र असणें आणि एका हेतूनें असणें यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आठवड्याच्या बाजारांत हजार माणसें एका जागीं जमतात. पण कोणी शेळी विकावयास आलेला असतो, कोणी मीठमिरची घ्यावयास. जागा एक आणि हेतु हजार. नांगराला जुंपलेले बैल एकाच दिशेनें चालतात. परंतु नांगरणीचा हेतु बैलांचा नसून धन्याचा असतो, व कासरा सैल पडला कीं चाल थांबते. या दोहोंहून निराळी अशी एक रीत आपल्या शेतकऱ्यांत फार जुनी आहे, ती सावड होय. आज माझ्या शेतांत तुझे बैल, उद्यां तुझ्या शेतांत माझे. येथें कोणी कोणाचा चाकर नाहीं, आणि कोणी केवळ आपल्यापुरता पाहणाराही नाहीं. प्रत्येकाला काम काय आहे तें ठाऊक असतें, तें कशासाठीं आहे हेंही ठाऊक असतें, आणि आपला वांटा किती हें तर कोणी सांगावें लागत नाहीं. कित्येक पुढारी बाजारालाच सभा समजतात व कित्येक नांगराच्या चालीलाच ऐक्य समजतात. सावड घडवून आणण्यास वेळ लागतो आणि नम्रता लागते, म्हणून तो मार्ग बहुधा टाळला जातो.

या गोष्टीचा पडताळा आपल्याच धाराशिव जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, एका भयंकर प्रसंगीं आला. सन १९९३ च्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन होऊन लोक उशिरा निजले होते. पहाटे चार वाजावयास कांहीं मिनिटें असतां भूमि हादरली. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी गांवाचें नांव या भूकंपाशीं कायमचें जोडलें गेलें. परंतु शिवेच्या अलीकडे, त्या वेळच्या उमरगा तालुक्यांत, सास्तूर, होळी, राजेगांव या गांवांतही तोच आकांत झाला. हा भाग आतां लोहारा तालुक्यांत मोडतो. या एका पहाटेनें सुमारे ८,००० माणसें नेलीं.

इतकीं माणसें कां मेलीं, हें समजून घेण्यासारखें आहे. आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या असत; हात, दोन हात रुंद. पाहणाऱ्यास त्या किल्ल्यासारख्या वाटत. पण अशी भिंत वस्तुतः एक नसून दोन असते. बाहेरचा थर वेगळा, आंतला थर वेगळा, आणि मध्यें गोटे व माती भरलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड पुष्कळ घरांत घातलेलाच नव्हता. वर धाब्याची माती, दर पावसाळ्यापूर्वी थोडी थोडी भर घालून जड झालेली. धरणी हलतांच दोन थर एकमेकांपासून सुटले, मधला भराव फुगला, भिंती फुटल्या आणि निजलेल्यांवर आल्या. दगड वाईट नव्हते. बांधणी वाईट होती. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

भूकंपानंतर मदतीचा पूर आला. सरकारनें जागतिक बँकेचें कर्ज घेऊन मोठी योजना आंखली. जीं गांवें अगदींच जमीनदोस्त झालीं होतीं अशीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घराचें माप शेताच्या मापावरून ठरलें : भूमिहीन व अगदीं अल्प जमीन असलेल्यास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५०. पुष्कळ दानशूर संस्थांनीं गांवेंच्या गांवें बांधून दिलीं. त्यांचे उपकार कोणी विसरूं नये. कडाक्याच्या दुःखांत असलेल्या मनुष्याला छप्पर मिळालें, हें लहान काम नव्हे. तथापि त्या नव्या गांवांचा नकाशा शहरी माणसाच्या डोळ्यानें काढलेला होता. सरळ रुंद रस्ते, सारख्या ओळी. पण जनावरें कोठें बांधावीं, कडबा कोठें रचावा, म्हातारीनें दुपारीं कोणाच्या ओट्यावर बसावें, याचें उत्तर नकाशांत नव्हतें. शेत मागें राहिलें आणि घर पुढें गेलें. देणाऱ्यांचा हेतु शुद्ध होता. मात्र तो देणाऱ्यांचाच हेतु होता. घेणाऱ्यांना यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं एवढाच प्रश्न उरला. आणि जेथें यादी हाच प्रश्न उरतो तेथें शेजारी शेजाऱ्याचा प्रतिस्पर्धी होतो.

याच योजनेचा दुसरा भाग होता. जीं घरें तडकलीं होतीं पण उभीं होतीं, त्यांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती. अशीं घरें अनेक जिल्ह्यांत मिळून सुमारे दोन लाख होतीं. एवढें काम कोणी ठेकेदार बाहेरून येऊन करूं शकत नव्हता. तें घरधन्यानेंच करावयाचें, सरकारनें पैसा टप्प्याटप्प्यानें द्यावयाचा आणि इंजिनिअरनें पाहणी करावयाची, असें ठरलें. पण सरकारी कागद आणि गांवचा मनुष्य यांच्यामध्यें बोलणें कोणीं करावें? लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत हें काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आलें, आणि तिनें तें गांवच्या बायकांच्या हातीं दिलें. महिला मंडळांतून स्त्रिया पुढें आल्या व त्यांना संवाद सहायक असें नांव मिळालें. ज्यांनीं तोंपर्यंत चावडीपुढें पदर सांवरून खालीं मान घालून जावें अशी रीत होती, त्या बायका इंजिनिअरला प्रश्न विचारूं लागल्या, योजनेचे नियम घरोघर समजावूं लागल्या, आणि भिंतींत आरपार दुवे कसे घालावे, कोपरे कसे आंवळून धरावे, धाब्यावरची माती कां कमी करावी, हें शिकून दुसऱ्यांस शिकवूं लागल्या.

येथें एक सूक्ष्म गोष्ट घडली. भूकंपानंतर लोकांना दगडाचीच भीति बसली होती. दगडी घरांत निजण्यापेक्षां पत्र्याखालीं उन्हांत भाजलेलें बरें, असें वाटत होतें. प्रत्येकाची इच्छा अशी कीं, मला सिमेंटचें नवें घर मिळावें. या मागणींत सर्वांचें तोंड एक होतें, पण हेतु एक नव्हता. कारण एकाला घर मिळाल्यानें दुसऱ्याचें कांहींच भलें होत नव्हतें. जेव्हां घरोघर, चुलीपाशीं बसून बोलणें झालें, तेव्हां मागणीच्या खालीं दडलेला हेतु वर आला : आपल्या लेंकरांनीं पुन्हा आपल्याच भिंतीखालीं मरूं नये. हा हेतु श्रीमंताचा होता तसाच मजुराचा होता. वाड्यांत राहणाऱ्याचा होता तसाच गांवकुसाबाहेरच्याचाही होता. आणि तो कळल्यावर शेजाऱ्याचें घर नीट बांधलें जातें कीं नाहीं हें पाहणें आपलेंच काम झालें. कारण लेंकरूं शेजाऱ्याच्या भिंतीखालींही खेळतें.

हा हेतु त्या स्त्रियांचा स्वतःचा झाला होता, याचें एक प्रमाण आहे. सन २००१ च्या जानेवारींत गुजराथेंत कच्छ येथें मोठा भूकंप झाला, तेव्हां लातूर व उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायका तेथें गेल्या आणि तिकडच्या बायकांबरोबर बसल्या. भाषा निराळी, देश निराळा. पण दुःख तेंच. हुकूम पाळणारा मनुष्य तो हुकूम परक्या मुलुखांत स्वतः होऊन वाहून नेत नाहीं. जो हेतु आपला झाला असेल तोच मनुष्य आपल्या शिवेबाहेर घेऊन जातो.

आतां मघांच्या भिंतीकडे वळूं. आपल्या पुष्कळ संस्था, मंडळ्या आणि पंचायती त्या जुन्या भिंतींसारख्या असतात. बाहेरून जाड व भक्कम. पण एक थर पुढाऱ्यांचा, दुसरा लोकांचा, आणि मध्यें ठराव, अहवाल व भाषणें यांचा भराव. सुदिनीं ही भिंत उभी राहते. धक्का बसला कीं दोन थर सुटतात आणि जो सर्वांत खालीं निजलेला असतो तो चिरडला जातो. समाईक हेतु हा त्या आरपार जाणाऱ्या दगडासारखा आहे. त्याचें एक टोंक पुढाऱ्याच्या हातीं दिसलें पाहिजे आणि दुसरें टोंक गांवांतील सर्वांत गरीब घराच्या ओट्यावर दिसलें पाहिजे. एकाच बाजूला दिसणारा दगड, मग तो कितीही सुबक घडविलेला असो, भिंतीला धरीत नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, मग पुढाऱ्यानें लोक जें म्हणतील तेंच करावें काय? त्याला स्वतःचें ज्ञान व विवेक आहे तो कशाला? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या शेजारींच सांपडतें. भूम तालुक्यापलीकडे, तेव्हांच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेड आहे. तेथें सन १९७० मध्यें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य आरोग्याचें काम करावयास आलें. दोघेंही शिकलेलीं, परदेशांत अभ्यास केलेलीं. पण लोकांना विचारतां असें दिसलें कीं, त्यांची पहिली निकड औषध नसून अन्न व पाणी ही आहे. थोड्याच काळांत १९७२ चा दुष्काळ पडला. डॉक्टरांनीं आपला हेतु लोकांवर लादला नाहीं. पाणी व धान्य यांच्या कामांतून त्यांनीं आरंभ केला, शेतकऱ्यांचीं मंडळें जमविलीं, आणि पुढें गांवच्याच अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका केलें. आज त्या कामाचें नांव जगभर घेतलें जातें. १९७९ सालीं उभयतांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

पण येथवरच गोष्ट थांबत नाहीं. पाण्यासाठीं हातपंप बसवावयाची वेळ आली तेव्हां ते दलित वस्तींत बसावेत, असा आग्रह धरण्यांत आला. चावडीवर बसणाऱ्यांना विचारलें असतें तर पंप निराळ्या जागीं बसला असता. म्हणजे डॉक्टरांनीं लोकांचें ऐकलें, पण सर्व लोकांचें ऐकलें. जो प्रथम व मोठ्यानें बोलतो त्याचेंच नव्हे. पुढाऱ्याच्या विवेकाचें खरें काम हेंच आहे. हेतु निर्माण करणें हें त्याचें काम नाहीं, तो शोधणें हें आहे. आणि शोधतांना हें विचारणें आहे कीं, या बोलण्याच्या जागीं कोण आलेला नाहीं? ज्याला सभेचें बोलावणें गेलें नाहीं, जो आला पण दाराशींच उभा राहिला, जी घरीं भाकरी थापीत राहिली, त्यांच्यावांचून झालेला एकमताचा ठराव हा एकमताचा नव्हेच.

आपल्या शास्त्रांत नहेम्याची हकीकत आहे, ती याच दृष्टीनें वाचून पाहावी. तो पडलेल्या यरुशलेमेंत आला तेव्हां लगेच भाषण करण्यास उभा राहिला नाहीं. तीन दिवस गेल्यावर, रात्रीं, थोड्या माणसांसह, कोणास कांहीं न सांगतां, तो कोसळलेला तट हिंडून पाहून आला. नंतर लोकांशीं बोलला. काम वांटलें गेलें तेव्हां पुष्कळांच्या वांट्यास आपापल्या घरासमोरचाच भाग आला. सोनार व गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्यें करणारे, यांनींही दगड उचलले. एका अधिकाऱ्याच्या कन्यांचाही उल्लेख तेथें आहे. उलट तकोवाच्या सरदारांनीं कामाला खांदा दिला नाहीं, हेंही लिहून ठेवलें आहे. आणि काम अर्धें झालें असतां गरिबांनीं आक्रोश केला कीं, आमचीं शेतें गहाण पडलीं, आमचीं मुलें दास्यांत जात आहेत. तेव्हां नहेम्यानें तट आधीं, तक्रार मग, असें म्हटलें नाहीं. त्यानें सावकारी करणाऱ्या वडीलधाऱ्यांना सभेंत उभें केलें आणि गहाण सोडविलें. ज्याच्या घरांत उपासमार आहे त्याला तटाचा हेतु आपला वाटणार नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें.

तथापि एक कठीण गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कधीं कधीं हेतु खरोखरच एक नसतात. एकाला उंसासाठीं पाणी पाहिजे, दुसऱ्याला पिण्यासाठीं. आणि विहीर एकच. अशा वेळीं गांवाचें कल्याण, समाजाची उन्नति असे मोठे शब्द वापरून भांडण झांकणें हें पुढारीपण नव्हे, ती फसवणूक आहे. शब्द जितका मोठा तितकी त्याखालीं लपावयास जागा अधिक. त्यापेक्षां भेद उघड मान्य करून, जेवढ्यावर खरें एकमत होतें तेवढाच लहान हेतु हातीं धरणें बरें.

याचाही दाखला आपल्या जिल्ह्यांत आहे. दुष्काळ वारंवार पडूं लागले तेव्हां घराघरांत हाच वाद होता. पुरुषाची दृष्टि सोयाबीन, ऊंस अशा पैशाच्या पिकावर; बाईची दृष्टि घरांत शिजेल अशा ज्वारी, डाळी व भाजीवर. सर्व शेतावर एकमत होणें शक्य नव्हतें. तेव्हां स्वयं शिक्षण प्रयोगाशीं जोडलेल्या स्त्रियांनीं सबंध शेत मागितलें नाहीं. एक एकर, कोठें त्याहूनही कमी, एवढाच तुकडा आपल्या विचारानें पिकविण्यास मागितला. थोड्या पाण्यावर, घरच्या बियाण्यानें व खतानें, अनेक पिकें एकत्र घेऊन आधीं घरचें पोट भरावयाचें, उरेल तें विकावयाचें. एक एकर म्हणजे लहान गोष्ट. पण त्या एकराविषयीं नवराबायकोचा हेतु खरोखर एक झाला. सन २०१६ मध्यें या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. प्रेमा गोपालन २०२२ सालीं वारल्या. काम मात्र त्यांच्याबरोबर गेलें नाहीं, कारण तें त्यांच्या एकटीचें राहिलेंच नव्हतें.

भूकंपाच्याच वर्षीं, त्यापूर्वीं पांच महिने, घटनेची ७३ वी दुरुस्ती अंमलांत आली आणि ग्रामसभेला व पंचायतींतील स्त्रियांच्या एकतृतीयांश जागांना घटनेचा आधार मिळाला. आपल्या महाराष्ट्रांत २०११ पासून त्या जागा निम्म्या झाल्या. पण खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळतोच असें नाहीं. बाईच्या नांवानें नवऱ्यानें सही करावी, हें आपण पाहतों. कायदा दार उघडतो. आंत बोलावून ऐकून घेणें हें माणसांचेंच काम राहतें.

तर मग ज्याच्यावर चार माणसांचा भार आहे अशा प्रत्येकानें आपल्या कामाची पारख कशी करावी? तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. पहिला : आमचा हेतु काय, हें आमच्यांतील सर्वांत कमी बोलणाऱ्या मनुष्याला विचारलें तर तो आपल्या शब्दांत सांगूं शकेल काय? आमचेच शब्द त्यानें पाठ म्हटले तर तें उत्तर धरूं नये. दुसरा : या कामांत त्याच्या घरासमोरचा भाग कोणता, हें त्याला ठाऊक आहे काय? ज्याला केवळ टाळ्या वाजविण्याचें काम आहे, त्याचा हेतु अजून आपला झालेला नाहीं. तिसरा : या कामाचा भार आणि लाभ यांची वांटणी अशी झाली आहे काय कीं, ती भर सभेंत वाचून दाखवितांना आम्हांला आवाज खालीं आणावा लागणार नाहीं?

या तीन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी आलीं तर पुढाऱ्यानें खुशाल दोन पावलें मागें सरावें, काम चालेल. नकारार्थी आलीं तर आणखी एक सभा भरवून, आणखी एक भाषण करून कांहीं साधणार नाहीं. त्यानें उठावें, ज्या घरीं आजवर गेला नाहीं त्या घरीं जावें, खालीं बसावें आणि विचारावें. उत्तर मिळण्यास वेळ लागेल, आणि कदाचित् मिळालेलें उत्तर आपण मनांत धरलेल्या हेतूहून निराळें असेल. तरी तेंच घ्यावें. कारण भिंत उंच किती, हें लोक सुदिनीं पाहतात. ती आंतून बांधलेली किती, हें धरणी हलते त्या रात्रीं कळतें, आणि त्या रात्रीं दगड घालावयास वेळ नसतो.